वहीतलं स्केच वॉटरकलरच्या कागदावर कसं उतरवायचं

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: ए४ च्या स्केचबुकात जुन्या वाड्याचं पेन्सिल स्केच मस्त जमलंय, तेच हाफ इम्पिरियल मापाच्या मोठ्या वॉटरकलर पेपरवर परत काढायला घेतलं तर प्रमाण बिघडत गेलं, खोडून खोडून कागदाची वाट लागली, आणि रंग लावल्यावर आकाशात डाग उठले, पिवळी भिंत मळकट दिसायला लागली, तिच्यात काळपट रेघाही उठल्या. आता कार्बन पेपर घालून छापावं, लाइट बॉक्स घ्यावा, की सरळ त्याच कागदावर प्रिंट मारून आणावी?

आधी कार्बनचा निकाल लावू. बिलबुकात घालतात तो निळा-काळा कार्बन वॉटरकलरच्या कागदाजवळ आणायचाच नाही. त्यात मेण आणि तेल असतं, त्यामुळे रेघ रबराने जात नाही, उलट फासते, आणि वरून पाण्याचा रंग गेला की तो त्या रेघेवर नीट बसतही नाही. शेवटपर्यंत ती रेघ चित्रातून डोकावत राहते आणि फिक्या पिवळ्याखाली तर विचारूच नका. प्रिंटचंही तेच आहे, साध्या इंकजेटची शाई बहुतेक वेळा पाणी लागलं की पसरते, लेझरचा टोनर पसरत नाही पण ती काळी रेघ कायमची, शिवाय तीनशे जीएसएमचा (जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, त्यावरून जाडी कळते) खडबडीत कागद आपल्या मशीनमधून काढायला दुकानदार तयार व्हायला पाहिजे. एखाद्याला मुद्दाम काळ्या रेघेवर रंगवायचं असेल तर गोष्ट वेगळी, वाड्याच्या प्रसन्न वॉटरकलरला ते नको.

आता तुमचा कागद का बिघडला ते बघा, म्हणजे पुढचं सगळं का करायचं ते कळेल. वॉटरकलर पेपर म्हणजे नुसता जाड कागद नाही, त्याला साइझिंग, म्हणजे पाणी अडवणारी खळ, केलेलं असतं, आर्चेससारख्या कागदाला जिलेटिनचं, बऱ्याच कागदांना सिंथेटिक. त्यामुळे पाणी लगेच आत जात नाही, वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, वर थांबतो आणि आपल्याला तो हलवायला, कडा मऊ करायला वेळ मिळतो. रबर जोरात घासलं की वरचे तंतू उभे राहतात, साइझिंग निघून जातं आणि तेवढ्या जागेला कागद टिपकागदासारखा रंग ओढून घेतो. तुमच्या आकाशातले डाग हेच आहेत, रंगाचा दोष नाही. शंका असेल तर कोपऱ्यात, जिथे नंतर कापायचंय तिथे, एक पाण्याचा थेंब टाकून बघा, थेंब मण्यासारखा राहिला तर कागद शाबूत, लगेच आत मुरला तर साइझिंग गेलंय. पावसाळ्यात मुंबई-कोकणात उघड्यावर पडलेले कागद हात न लावताच असे होतात, म्हणून पावसाळ्यात कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवायचे.

आणि पिवळी भिंत मळते ती ग्राफाइटच्या, म्हणजे पेन्सिलच्या शिशाच्या, पावडरमुळे. चार-बी, सहा-बीसारख्या मऊ पेन्सिलने काढलं, तळहात फिरला, रबर फिरलं की ती भुकटी सगळ्या कागदभर पसरते, डोळ्याला दिसत पण नाही, ओल्या ब्रशने ती उचलली जाते आणि पिवळा हिरवट-राखाडी होतो. दुसरी गोष्ट म्हणजे एकदा रेघेवर रंग चढून वाळला की खालचं ग्राफाइट जवळजवळ खोडता येत नाही, रंगातला गोंद त्याला धरून बसतो. त्यामुळे "नंतर खोडू" हा प्लॅन वॉटरकलरमध्ये चालत नाही, जे पुसायचंय ते आधी.

मग साधा नियम असा की मारामारी सगळी स्वस्त कागदावर करायची आणि चांगल्या कागदावर फक्त ठरलेल्या रेघा आणायच्या. रबर तिथे जवळपास लागताच कामा नये. हे ट्रेसिंग म्हणजे चीटिंग असं क्लासमध्ये दर थोड्या दिवसांनी कोणीतरी म्हणतंच. अहो, स्वतःचंच ड्रॉइंग आहे ना? दुसऱ्याचा फोटो छापून आपलं नाव टाकत असाल तर बोलू त्यावर. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला डिझाइनच्या पेपराची तयारी करताना आपण अर्धं मोटिफ काढून ट्रेसिंग पेपर उलटा करून दुसरी बाजू घासून उतरवायचो, तेव्हा कोणाला काही वाटलं नव्हतं. हेच ते तंत्र, जरा मोठं करून.

पहिलं काम माप. ए४ म्हणजे २१ बाय २९.७ सेंमी, हाफ इम्पिरियल १५ बाय २२ इंच म्हणजे साधारण ३८ बाय ५६ सेंमी. दोघांचं प्रमाण सेम नाही, ए४ थोडा जास्त आखूड आहे. रुंदी जुळवायला स्केच १८१ टक्के मोठं करावं लागेल, मग उंची होते साधारण ५३.७ सेंमी, म्हणजे लांबीच्या बाजूला दोन-सव्वादोन सेंमी उरतात. हे आधीच ठरवा की ती जागा आकाशाला द्यायची की खालच्या फरसबंदीला, नाहीतर आयत्या वेळी वाडा मधेच लटकतो. माझा सल्ला, चारही बाजूंनी सेंटिमीटरभर मार्जिन टेपसाठी जाणारच आहे तेव्हा १७० टक्क्यांच्या आसपास करा आणि उरलेली जागा एका बाजूला टाका, दोन्हीकडे सारखी वाटू नका.

मोठं करायला स्केचचा फोटो नको, स्कॅन करा. मोबाईलचा फोटो थोडा तिरका आला तरी वाड्याचे खांब वरती एकमेकांकडे झुकतात आणि मग आपण म्हणतो ड्रॉइंग चुकलं. स्कॅन करून आर्किटेक्ट लोक जिथे प्लॅन छापतात तिथे ए२ वर साधी प्लॉटर प्रिंट काढून घ्या, ए२ मध्ये हाफ इम्पिरियल बसून जातो, आणि साध्या कागदावर फारसा खर्च येत नाही. प्लॉटर जवळ नसेल तर झेरॉक्सवाल्याकडे ए४ वरून ए३ म्हणजे १४१ टक्के होतं, त्याहून मोठं हवं असेल तर दोन तुकड्यांत काढून टेपने जोडायचं. जोड दरवाज्यावर किंवा चेहऱ्यावर येऊ देऊ नका, एवढंच.

आता या प्रिंटवर ट्रेसिंग पेपर टाका. दोन प्रकार मिळतात, पातळ पिवळसर बटर पेपर आणि जाड नव्वद जीएसएमच्या आसपासचा, जो ड्राफ्टिंगवाले गेटवे म्हणून मागतात. पहिल्या विचारासाठी बटर पेपर, फायनलसाठी जाड, कारण तो दोन-तीनदा वापरला तरी फाटत नाही. ट्रेसिंग पेपर हवेतला दमटपणा पटकन घेतो आणि लाटा येऊन वाढतो, त्यामुळे सकाळी काढलेलं संध्याकाळी जुळेलच असं नाही, पावसाळ्यात ट्रेस आणि ट्रान्सफर एकाच बैठकीत उरकायचं.

ट्रेस करायला बारीक पेन घ्या, पेन्सिल नको. पेनचे दोन फायदे आहेत, एक तर समोरची बाजू हाताला लागून काळी होत नाही, आणि कागद उलटा केला की मागून रेघ स्वच्छ दिसते. हा उलटा करण्याचा भाग फार महत्त्वाचा आहे, बहुतेक जण तो सोडून देतात. ट्रेस झाल्यावर तो उलटा करून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि जरा लांबून बघा. झुकलेले खांब, एका बाजूला कललेली कमान, लंबगोल न झालेलं तुळशीवृंदावनाचं वर्तुळ, सगळं त्या उलट्या चित्रात लगेच दिसतं कारण डोळ्याला त्याची सवय झालेली नसते. इथे दुरुस्त करा, पट्टी लावायची असेल तर इथे लावा. एका बटर पेपरवर मनासारखं झालं नाही तर त्यावर दुसरा टाका, तिसरा टाका, बटर पेपर स्वस्त आहे.

आणि हे ट्रेस करताना प्रत्येक रेघ उचलायची नाही. इथेच चित्र सुधारतं किंवा मरतं असं मला वाटतं, बाकी सगळं हमालीचं काम आहे. पेन्सिल स्केचमध्ये आपण शेडिंग करतो, कौलं मोजून काढतो, लाकडाचे दाणे दाखवतो, विटांचे सांधे भरतो. ते सगळं रंगात परत होणारच आहे, मग त्याच्या रेघा कशाला न्यायच्या? वाड्याचं छप्पर घ्या. आढ्याची रेघ, वळचणीची रेघ, दोन्ही बाजूंचे उतार एवढं न्या, कौलांच्या ओळींसाठी कडेला चार-पाच खुणा करा, बास. प्रत्येक कौलाची बाह्यरेघ नेली तर रंगवताना हात आपोआप प्रत्येक कौल भरायला लागतो आणि छप्पर पत्र्यासारखं कडक दिसतं. झाडाची पानं नको, झाडाचा साधारण घेर पण तुटक. आकाशात एकही रेघ नको, ढगाची पण नाही, तिथे कोरा ओला वॉश जाणार आणि त्याखालची प्रत्येक रेघ दिसणार.

उलट काही गोष्टी स्केचमध्ये नसतात त्या इथे घालायच्या. सावलीची कड सगळ्यात आधी. भिंतीवर पडलेल्या वळचणीच्या सावलीचा आकार हा वॉटरकलरमध्ये भिंतीइतकाच महत्त्वाचा आहे, तो एकदाच एका वॉशमध्ये टाकावा लागतो, ब्रश हातात असताना शोधत बसता येत नाही. ती कड तुटक रेघेने दाखवा म्हणजे वस्तूची कड आणि सावलीची कड यात गोंधळ होत नाही. दुसरं म्हणजे पांढरं. वॉटरकलरचा पांढरा म्हणजे कोरा कागद, त्यामुळे दोरीवर वाळत घातलेलं धोतर, पितळी घंगाळाची चकाकी, दिंडी दरवाज्यातून आत पडलेला उजेडाचा तुकडा, जे जे कोरं सोडायचंय त्याची बारीक खूण करून ठेवा. माणसं असतील तर डोकं, खांदे आणि पायांची जागा, चेहऱ्याच्या आतलं काही नको.

आता प्रत्यक्ष उतरवणं. मला सगळ्यात स्वच्छ वाटते ती जुनी शाळेतलीच पद्धत, फक्त जरा नीट केलेली. ट्रेसिंग पेपर उलटा करा आणि मागच्या बाजूने फक्त रेघांवरून टू-बी पेन्सिलने फिरवा, टोक काढत राहा. पूर्ण पाठ काळी करू नका, बरेच जण सहा-बीने सगळी पाठ घासून काढतात आणि मग जिथे बोट टेकेल तिथे डाग, आकाशाचा तर राखाडी पडदाच होतो. फक्त रेघेमागे ग्राफाइट असेल तर कागदावर फक्त रेघच येते. मग सुलटा करून चांगल्या कागदावर ठेवायचा आणि वरून एकतर टू-एच या कडक पेन्सिलने हलक्या हाताने रेघा फिरवायच्या, किंवा चमच्याच्या पाठीने हळूहळू घासायचं. चमच्याने कागदावर चर पडत नाही हा मोठा फायदा, पण खडबडीत रफ कागदावर रेघ तुटक येते, तिथे पेन्सिलच बरी. हॉट प्रेस म्हणजे गुळगुळीत कागदावर चमचा अप्रतिम काम करतो, पोर्ट्रेट करणाऱ्यांनी तर हेच करावं.

चराचं सांगायचं राहिलं. दाब दिला की कागदात नाली पडते, रेघ खोडली तरी नाली राहते, आणि ओला वॉश त्यावरून गेला की रंगाचे कण त्यात जाऊन बसतात, मग खोडलेली रेघ परत गडद होऊन वर येते. तुमच्या भिंतीतल्या काळपट रेघा मला तरी याच वाटतायत. रिकाम्या बॉलपेनने गिरवायचा सल्ला सगळीकडे देतात तो मी देणार नाही, कारण शाई नसली की आपण दिसावं म्हणून जोर देतो. बॉलपेनच घ्यायचं तर लाल शाईचं, चालू स्थितीतलं घ्या आणि ट्रेसवर गिरवा, कुठलं झालं कुठलं राहिलं ते लाल रंगावरून कळतं आणि हात हलका राहतो.

मोठं चित्र असेल किंवा एकच चित्र परत परत करायचं असेल तर घरीच ट्रान्सफर शीट बनवून ठेवा. बटर पेपरचा मोठा तुकडा, त्यावर चार-बी किंवा ग्राफाइट स्टिक आडवी-उभी दोन्हीकडून दाट फिरवायची, मग मेडिकलमध्ये मिळणारं सर्जिकल स्पिरिट कापसाला अगदी थोडं लावून गोल गोल पुसायचं. भुकटी एकसारखी पसरून कागदाला चिकटते. स्पिरिट उडून गेलं की कोरड्या टिश्यूने जास्तीचं काढून टाका, जेवढं काढाल तेवढं चांगलं. ही शीट खूप दिवस चालते. तयार हवी असेल तर बिनमेणाची ट्रान्सफर शीट म्हणून मागा, सारल वगैरे ब्रँड आहेत, पण पाकिटावर बिनमेणाची लिहिलंय ना ते बघून घ्या.

रेघ अजिबात दिसायला नको असेल, म्हणजे फुलं, बाळाचा चेहरा, धुक्यातला देखावा असं काही, तर ग्राफाइटऐवजी पाण्यात विरघळणारी वॉटरकलर पेन्सिल मागच्या बाजूने फिरवा, त्या भागात जो रंग येणार आहे त्याच्या जवळचा. वाड्याच्या भिंतीला ऑकर (मातकट पिवळा), सावलीकडच्या भागाला निळसर. रंग लागला की रेघ त्यातच मिसळते. फक्त काही पेन्सिली वाळल्यावर पक्क्या होणाऱ्या शाईच्या असतात, त्या यासाठी नकोत.

लाइट बॉक्सबद्दल. एलईडीचे चपटे ट्रेसिंग पॅड आता सहज मिळतात आणि नियमित काम करणार असाल तर घ्याच, ए३ च्या खाली घेऊ नका. तीनशे जीएसएमच्या कॉटन कागदातून उजेड येतो पण खालची प्रिंट गडद पाहिजे, म्हणून ट्रेसवरच्या रेघा जाड काळ्या पेनने करून घ्या आणि खोलीतला लाइट बंद करा. साडेसहाशेच्या आसपासच्या जाड कागदातून काही दिसत नाही, पैसे वाया घालवू नका. पॅड नसेल तर दिवसा खिडकीची काच आहेच, हात भरून येतो खरा, नाहीतर काचेच्या टीपॉयखाली दिवा. या पद्धतीत कागदावर अजिबात दाब पडत नाही आणि तुम्ही शेवटची रेघ हाताने काढता, त्यामुळे ती मेलेली दिसत नाही, म्हणून हाफ इम्पिरियलपर्यंत माझी पहिली पसंती हीच. ए३ पॅडवर हाफ इम्पिरियल मावत नाही पण सरकवत सरकवत होतं, कागद आणि ट्रेस एकमेकांना टेपने घट्ट धरलेले असले म्हणजे झालं.

पण यात एक गोम आहे. कागद आधी बोर्डवर ताणून चिकटवला असेल तर त्यातून उजेड येणार नाही. चारी बाजूंनी गोंद लावलेल्या ब्लॉकमधला कागद असेल तरी तेच. म्हणजे लाइट बॉक्स वापरायचा तर रेघा आधी, बोर्डावर लावणं नंतर. आणि कागद भिजवून ताणायचा असेल, दोनशे जीएसएमच्या खालचा असेल तर ताणावाच लागतो, तर काढून मग भिजवला की रेघा पक्क्या होऊन बसतात, पुसायला कठीण. म्हणून पातळ कागद असेल तर आधी भिजवून ब्राउन गमटेपने ताणा, पूर्ण वाळू द्या, आणि मग ट्रेसिंग किंवा ट्रान्सफर शीटने उतरवा. तीनशेचा असेल तर सरळ लाइट बॉक्सवर काढा, मग मास्किंग टेपने बोर्डला लावा.

ग्रिड म्हणजे चौकटी टाकून मोठं करणं, सिनेमाचे होर्डिंग रंगवणारे पेंटर असंच ग्राफ मारून करायचे, भिंतीवर किंवा मोठ्या कॅनव्हासवर तीच पद्धत योग्य. वॉटरकलरला त्रास असा की ग्रिडच्या रेघा परत खोडाव्या लागतात, म्हणजे जिथून सुरुवात केली तिथेच आलो. करायचंच असेल तर कागदावर रेघा न मारता फक्त मार्जिनवर खुणा करा आणि शिवणाचा दोरा टेपने ताणून लावा, काम झालं की दोरे काढून टाका.

खाक्याची एक पद्धत आहे ती सांगण्याचा मोह आवरत नाही. ट्रेसवरच्या रेघांवर टाचणीने जवळजवळ भोकं पाडायची, कागदावर ठेवून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून हलके आपटायची, खाली ठिपक्यांची रेघ येते. मुघल आणि राजस्थानी लघुचित्रांच्या कारखान्यांत खाका असाच वापरायचे, आणि चित्र ट्रेस करायला हरणाच्या पातळ कातड्याचा चर्बा. तिकडे युरोपात भित्तिचित्रांसाठी हेच चालायचं, इटालियन चित्रकार राफाएलच्या स्कूल ऑफ अथेन्स या भित्तिचित्राचं पूर्ण मापाचं कार्टून, म्हणजे भिंतीवर उतरवण्याआधीचं रेखाटन, मिलानच्या अम्ब्रोसियाना संग्रहालयात आहे, त्याला टाचणीची भोकं आहेत, आणि मूळ कागद खराब होऊ नये म्हणून भोकं पाडताना खाली दुसरे कागद धरून पुढचं काम त्यांच्यावर केलं असावं असं अभ्यासक मानतात. म्हणजे चांगला कागद वाचवायची धडपड तेव्हाही होतीच. आपल्याकडे साडीवर भरतकामाचं डिझाइन छापून देणारे अजून असंच करतात, भोकं पाडलेला ट्रेसिंग पेपर आणि वरून रॉकेलमध्ये कालवलेली पावडर. तुम्ही मात्र रॉकेल लावू नका, कोरडी पावडरच, आणि ठिपके जोडून झाले की मऊ ब्रशने झटकून टाका. वाड्याच्या कमानीत एकच नक्षी दहा वेळा असेल तर तेवढ्या नक्षीपुरतं हे करून बघा, फार वेळ वाचतो.

कुठलीही पद्धत घ्या, ट्रेस फक्त वरच्या कडेला टेपने लावा, बिजागरीसारखा. मग मधे मधे खालून उचलून बघता येतं की रेघ येतेय की नाही, फार गडद येतेय का, आणि सोडला की परत त्याच जागी बसतो. चारही बाजू चिकटवल्या आणि शेवटी उचलल्यावर कळलं की अर्धा दरवाजा उमटलाच नाही, तर परत जुळवणं मुश्कील. टेप लावायच्या आधी एकदोनदा शर्टाला चिकटवून काढा म्हणजे त्याची चिकट कमी होते, आणि टेप मार्जिनमध्येच. हाताखाली कायम एक कोरा कागद, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, तळहाताचं तेल-घाम कागदाला लागलं की तिथे वॉश धरत नाही आणि ते रंग लावल्यावरच कळतं.

उतरवून झाल्यावर नीडेड इरेझर, तो पिठासारखा मळता येणारा, घ्या आणि रेघांवर घासू नका, नुसता टेकवून उचला. रेघा इतक्या फिक्या करा की हातभर अंतरावरून जेमतेम दिसतील. आकाशाला लागून असलेली आढ्याची रेघ सगळ्यात फिकी, अंधारात जाणाऱ्या ओसरीच्या खांबांच्या रेघा थोड्या गडद राहिल्या तरी चालतात, वरून काळसर रंग येणारच आहे. फिक्सेटिव्ह, म्हणजे पेन्सिल पक्की करणारा स्प्रे, मारू नका, वॉश नीट बसत नाही. उरलेली भुकटी मोठ्या कोरड्या मऊ ब्रशने झटका, फुंकर नको, थुंकीचे थेंब उडतात.

रेघ दिसलीच नाही पाहिजे असा माझा हट्ट नाही बरं का. फ्रेंच चित्रकार सेझानच्या वॉटरकलरमध्ये पेन्सिलच्या रेघा सर्रास दिसतात, अमेरिकन चित्रकार सार्जंटच्या पण दिसतात, आणि चित्र त्यामुळे जिवंत वाटतं. फरक एवढाच की त्या रेघा मोकळ्या हाताने शोधत काढलेल्या आहेत, ट्रेसची एकसारखी तारेसारखी रेघ तशी दिसत नाही. तुम्हाला पेन्सिल दाखवायची असेल तर ट्रान्सफर अगदी पुसट करा, फक्त जागा कळण्यापुरता, आणि त्यावर एचबी किंवा बी ने वहीत काढलं होतं तसं मोकळं परत काढा. प्रमाणाची काळजी मिटलेली असते त्यामुळे हात बिनधास्त चालतो.

तुमच्या वाड्यासाठी, कागद तीनशेचा आहे असं धरून, मी असं करेन: स्कॅन, १७० टक्के प्लॉटर प्रिंट, बटर पेपरवर दोन-तीनदा गाळून पेनने फायनल ट्रेस, उलटा करून तपासणी, मग लाइट बॉक्स मिळाला तर त्यावर एचबीने, नाही मिळाला तर पाठीमागून टू-बी आणि वरून टू-एच. ट्रेस जपून ठेवा, पहिलं चित्र रंगात फसलं तरी दुसऱ्या कागदावर तासाभरात परत उतरवता येतं, आणि ते माहीत असलं की ब्रश पण घाबरत नाही.

आणि तो खरवडलेला कागद फेकू नका. शंभर टक्के कॉटनचा असेल तर मागची बाजू बहुतेक वेळा वापरता येते, टेक्स्चर थोडं वेगळं असतं इतकंच. थेंब टाकून बघा, मागून थेंब टिकला तर त्याच्यावर वाड्याच्या रंगांचे ट्रायल करा, आणि पुढच्या खराब बाजूवर गुआश चालतो, झाकणारा रंग आहे, डाग त्याखाली जातात.